शंटिंगचं इंजिन घ्यावं कसं? घरच्या रेल्वेतला प्रयोजनाचा प्रश्न



या व्याख्यानमालेत आपण अधूनमधून श्रोत्यांनी पाठवलेला एखादा घरगुती प्रश्न घेतो आणि तो सावकाश उलगडून बघतो. विचार करण्याची शिस्त फक्त ग्रंथ वाचताना लागते असं नाही, बाजारात वस्तू घेतानाही ती लागते, म्हणून हा उद्योग.

आजचा प्रश्न अमेरिकेतून, न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबाकडून आला आहे. त्यांनी घराच्या तळघरात मॉडेल रेल्वेचा लेआउट मांडला आहे. मोठ्या टेबलावर रुळांचं लांबट वर्तुळ, एक स्टेशन, मालधक्क्याच्या दोन-तीन साईडिंग. गाड्या एचओ प्रमाणाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक सत्त्याऐंशीअंश, आणि दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. लांब पल्ल्याची दोन देखणी इंजिनं त्यांच्याकडे आहेत. पहिला महिनाभर सगळं घर रोज संध्याकाळी खाली जमायचं. आता काय होतं? नऊ वर्षांची मुलगी गाडी सुरू करते, दोन फेऱ्या बघते आणि वर निघून जाते. भारतातून सहा महिन्यांसाठी येणारे आजोबा खुर्चीत बसून बघतात. कोणीतरी त्यांना सुचवलं, 'स्विचर घ्या.' पण बाजारात बघितलं तर पंचवीस तऱ्हा. कोणतं घ्यावं? किती घ्यावीत? आणि मुळात घ्यावंच का?

आता काही श्रोते म्हणतील, तत्त्वज्ञानाच्या माणसानं खेळण्यातल्या इंजिनाबद्दल काय बोलावं? तर गौतमाच्या न्यायसूत्रांची सुरुवात आठवा. सोळा पदार्थांची यादी येते. पहिला प्रमाण, दुसरा प्रमेय, तिसरा संशय, चौथा प्रयोजन, पाचवा दृष्टान्त. संशयाच्या पाठोपाठ प्रयोजन येतं, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'हे की ते' असा संशय पडला की आधी विचारायचं, 'कशासाठी?' आपल्याकडे बहुतेक खरेदी उलट्या क्रमानं होते. वस्तू आधी घरात येते आणि तिचं प्रयोजन आपण मागाहून शोधत बसतो. आज आपण सूत्रकारांच्या क्रमानं जाऊ.

आधी स्विचर म्हणजे काय ते बघू. अमेरिकन ज्याला स्विचिंग म्हणतात, त्याला आपण भारतात शंटिंग म्हणतो. भुसावळ, मनमाड, दौंड या गावांशी ज्यांचा संबंध आला असेल त्यांना हे सांगायला नको. मालगाडी येते तेव्हा तिच्यातल्या वाघिणी वेगवेगळ्या ठिकाणच्या असतात. त्या सोडायच्या, सांधे बदलून वेगवेगळ्या रुळांवर ढकलायच्या, योग्य क्रमानं पुन्हा जोडायच्या, एखादी कारखान्याच्या दारात नेऊन ठेवायची. हे काम करणारं छोटं इंजिन म्हणजे स्विचर. आपल्या भारतीय रेल्वेच्या डिझेल इंजिनांवर 'डब्ल्यूडीएस' अशी अक्षरं असतात ना, त्यातला शेवटचा 'एस' शंटिंगचाच.

या इंजिनाला लांब जायचं नसतं, जोरात जायचं नसतं. त्याचं दिवसभराचं काम म्हणजे थोडं पुढे, थोडं मागे, थांबणं, पुन्हा थोडं पुढे. दिसायलाही ते साधंच. बहुतेकांना पुढे लांब नाक आणि मागे उंच कॅब, दोन्ही दिशांना ड्रायव्हरला नीट दिसावं म्हणून.

पण या साध्या इंजिनाचा मान कमी समजू नका. अमेरिकेत डिझेल-विद्युत इंजिन व्यापारी पातळीवर पहिल्यांदा यशस्वी झालं ते यार्डातच. १९२५ साली सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सी या कंपनीनं १००० क्रमांकाचं इंजिन घेतलं. ३०० अश्वशक्तीचं हे इंजिन ॲल्को, जनरल इलेक्ट्रिक आणि इंगरसोल-रँड या तीन कंपन्यांनी मिळून बनवलं होतं. न्यूयॉर्क शहरात धुराविरुद्ध कायदा झाला होता, आणि ब्राँक्समधल्या कंपनीच्या मालधक्क्यावर वाफेच्या इंजिनाची सोय राहिली नव्हती. शिवाय वाफेचं इंजिन उभं असतानाही कोळसा खातं, आणि यार्डातलं इंजिन बराच वेळ उभंच असतं. डिझेलला तो खर्च कमी, आणि विजेच्या मोटरींमुळे अगदी सावकाश सरकतानाही ओढ भरपूर. ते इंजिन १९५७ पर्यंत कामावर होतं. आज ते बाल्टिमोरच्या रेल्वे संग्रहालयात बघायला मिळतं, न्यू जर्सीच्या मंडळींना काही फार लांब नाही.

आणखी एक इंजिन सांगतो, कारण पुढच्या मुद्द्याशी त्याचा संबंध आहे. १९३७ साली अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. ९०,००० पौंड किंवा त्याहून जड डिझेल इंजिनावर ड्रायव्हरच्या जोडीला फायरमन असलाच पाहिजे, असं त्यात ठरलं. मग जनरल इलेक्ट्रिकनं १९४० पासून एक इंजिन बनवायला घेतलं, त्याचं नावच '४४-टनी'. अमेरिकन टन २,००० पौंडांचा, म्हणजे ४४ टनांचे ८८,००० पौंड झाले. मर्यादेच्या जेमतेम खाली! या यंत्राचं वजन अभियंत्याच्या टेबलावर ठरलं नाही, पगाराच्या हिशेबानं ठरलं. कॅबमधला दुसरा माणूस कमी करण्यासाठी हे इंजिन जन्माला आलं. हा दुसरा माणूस लक्षात ठेवा, आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता खरेदीकडे वळू. दुकानात जाऊन 'चांगलं इंजिन दाखवा' असं म्हटलं तर ते वाक्य अपुरं आहे. ॲरिस्टॉटल नीतिशास्त्राच्या पहिल्या भागात हेच सांगतो. बासरीवादकाचं चांगलेपण त्याच्या वाजवण्यात शोधायचं, म्हणजे ज्याचं जे कार्य, त्या कार्यात त्याचं चांगलेपण. लांब पल्ल्याच्या इंजिनाचं कार्य वेगळं, शंटिंगच्या इंजिनाचं वेगळं. पहिल्यासाठी लागू असलेल्या कसोट्या दुसऱ्याला लावल्या की पैसे वाया जातात. म्हणून शंटिंगच्या कामातून कोणत्या कसोट्या निघतात ते बघू.

पहिली कसोटी सावकाश चालण्याची. खऱ्या यार्डात इंजिन ताशी दहा किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही हळू चालतं. एचओ प्रमाणात हिशेब केला तर या वेगानं एक मीटर अंतर कापायला सुमारे ३१ सेकंद लागले पाहिजेत, आणि ताशी पाच किलोमीटरला साधारण ६३ सेकंद. दुकानात चाचणीचा रूळ असेल तर घड्याळ लावून बघा. इंजिन न अडखळता, धक्के न देता इतकं हळू चालतंय का? जागेवरून निघताना उडी तर मारत नाही? थांबल्यावर पुन्हा त्याच संथपणे उलटं निघतंय का? चांगल्या मॉडेलात मोटरीला जोडलेली जड चकती असते, तिला फ्लायव्हील म्हणतात; तिच्यामुळे चाल सारखी राहते. इंजिन किती जोरात पळतं हे या खरेदीत बघायचंच नाही.

दुसरी कसोटी विजेची, आणि छोट्या इंजिनाच्या बाबतीत हीच सर्वांत महत्त्वाची. मॉडेल इंजिन रुळांतून चाकांवाटे वीज घेतं. सांध्यामध्ये जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, तो तुकडा अमेरिकन मंडळी 'फ्रॉग' म्हणतात, म्हणजे बेडूक. पुष्कळ सांध्यांत हा तुकडा प्लास्टिकचा असतो, तिथे वीज नसते. लांब इंजिनाचं एक चाक त्या तुकड्यावर आलं तरी बाकीची चाकं वीज घेत राहतात. पण चारच चाकांचं चिमुकलं इंजिन, म्हणजे एका रुळावर दोनच चाकं, तिथे हमखास अडकतं. आणि शंटिंगच्या इंजिनाला तर दिवसभर सांध्यांवरूनच ये-जा करायची असते, तीही हळू, त्यामुळे वेगाच्या भरात पुढे जाण्याची सोयसुद्धा नाही. तेव्हा विचारायचं ते हे, की सगळी चाकं वीज घेतात का? आठ चाकांचं आणि आठही चाकांनी वीज घेणारं इंजिन पहिली निवड म्हणून घ्यावं. काही चाकांवर रबराची कडी असते. तिच्यामुळे ओढ वाढते, पण ते चाक वीज घेऊ शकत नाही. इंजिनात वीज साठवणारा कपॅसिटर असेल तर फारच उत्तम. क्षणभर संपर्क तुटला तरी चाल तुटत नाही. आणि हो, इंजिनाला नावं ठेवण्याआधी रूळ आणि चाकं स्वच्छ करा. कापडाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसलं की अर्धी दुखणी पळतात.

तिसरी कसोटी जोडणीची. शंटिंग म्हणजे जोडणं आणि सोडणं, त्यामुळे कपलर नीट नसेल तर सगळाच आनंद संपला. अमेरिकेत आज खऱ्या कपलरसारखे, बोटं वळवून एकमेकांत अडकल्यासारखे दिसणारे कपलर चालतात, आणि त्यात केडी कंपनीचे धातूचे कपलर ही जणू मोजपट्टी झाली आहे. रुळांमध्ये चुंबक बसवला तर ते हात न लावता सुटतातही. सगळ्या वाघिणींना एकाच जातीचे, एकाच उंचीचे कपलर हवेत. उंची मोजायचं छोटं मापक मिळतं, ते इंजिनाबरोबरच घेऊन टाका. आणि चुंबकाची कटकट नको असेल तर स्वयंपाकघरातली बांबूची टोकदार काडी घ्या. कपलरांच्या मध्ये घालून जरा फिरवली की वाघीण सुटते. अनेक जुने खेळाडू काडीच वापरतात.

चौथी गोष्ट वळणांची, आणि इथे स्विचर घेणाऱ्याला फायदाच आहे. घरगुती लेआउटवर जागा कमी म्हणून वळणं घट्ट असतात. एचओमध्ये १८ इंच त्रिज्येचं वळण नेहमीचं. सहा आसांची लांब इंजिनं अशा वळणावर कुरकुरतात, नाहीतर विचित्र तरी दिसतात. चार आसांचा स्विचर मात्र तिथून आरामात जातो.

आता नियंत्रणाचा प्रश्न. जुन्या डीसी पद्धतीत कंट्रोलरची मूठ फिरवली की रुळांतला व्होल्टेज वाढतो आणि रुळांवर जे काही असेल ते चालू लागतं. दोन इंजिनं असली तर दोन्ही चालतात. त्यांना वेगळं ठेवायचं तर रुळांचे विभाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र बटण द्यावं लागतं. नव्या डीसीसी पद्धतीत रुळांवर वीज कायम असते आणि तिच्यातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळी आज्ञा जाते. इंजिनातला डिकोडर फक्त आपला क्रमांक ऐकतो. १९३५ साली स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या संस्थेनं १९९०च्या दशकात या पद्धतीचे मानदंड ठरवले, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची इंजिनं एका लेआउटवर चालतात.

एकच स्विचर घ्यायचा असेल आणि लेआउट डीसीवर चालत असेल, तर डीसीवर राहायला हरकत नाही. पण दोन माणसांनी दोन इंजिनं एकाच वेळी चालवायची असतील, तर डीसीसीचा खर्च सार्थकी लागतो. त्यात आणखी एक सोय आहे. डिकोडरमध्ये बदलता येणाऱ्या संख्या असतात, त्यांना सीव्ही म्हणतात. सीव्ही २ सुरुवातीचा व्होल्टेज ठरवतो, सीव्ही ३ आणि ४ वेग किती सावकाश वाढेल आणि कमी होईल ते ठरवतात, सीव्ही ५ कमाल वेग. नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात कंट्रोलर देण्याआधी कमाल वेगाला लगाम घालून ठेवला की इंजिन टेबलावरून खाली पडण्याची धास्ती राहत नाही.

इथे एक व्यावहारिक सूचना. स्विचरचं नाक अरुंद असतं, आत जागा फार थोडी. डिकोडर आणि स्पीकर मागाहून बसवणं हे नवशिक्याचं काम नाही. म्हणून डीसीसीकडे जायचं नक्की असेल तर कारखान्यातच डिकोडर बसवलेलं इंजिन घ्या. आवाजाची आवृत्ती बरीच महाग असते. पण इंजिनाची घरघर आणि घंटा मुलांना फार आवडते, तेव्हा तो खर्च उधळपट्टी आहे असं आम्ही म्हणणार नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की आवाजाची पुष्कळ इंजिनं डीसीवरही चालतात, पण आवाज जागा व्हायला आधी काही व्होल्टेज जातो आणि अगदी सावकाश चालीवर त्याचा परिणाम होतो.

आता नमुन्यांची नावं. ईएमडी कंपनीचं एनडब्ल्यू२ हे १,००० अश्वशक्तीचं इंजिन १९३९ ते १९४९ या काळात हजाराहून अधिक संख्येनं बनलं. ॲल्कोचं एस-२ त्याच ताकदीचं, १९४० ते १९५०. पुढच्या पिढीतलं ईएमडीचं एसडब्ल्यू१५००, १९६६ ते १९७४. ही तिन्ही आठ चाकांची, आणि वॉल्थर्स, ॲथर्न, ॲटलस, काटो, ब्रॉडवे लिमिटेड अशा कंपन्यांनी या घराण्यांतल्या इंजिनांची एचओ मॉडेलं वेळोवेळी काढली आहेत. एनडब्ल्यू२ एचओमध्ये जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर भरतं. वर सांगितलेलं ४४-टनी त्याहून लहान, सुमारे पावणेबारा सेंटिमीटर. बॅकमन कंपनीनं त्याचं मॉडेल काढलेलं आहे. एकाच छोट्या कारखान्याची साईडिंग असेल तर ते शोभून दिसतं. वाफेचं आवडत असेल तर ०-६-० चाकांचं यार्ड इंजिन आहे, पण त्याची चाकं कमी आणि दांडे-कड्या नाजूक. ते दुसरं किंवा तिसरं इंजिन म्हणून घ्यावं.

वापरलेलं इंजिन घ्यायला हरकत नाही, स्वस्तही पडतं. पण चालवून बघितल्याशिवाय नको. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'टक्' असा आवाज येत असेल तर आसावरचं प्लास्टिकचं चक्र तडकलेलं असण्याची शक्यता मोठी. बरीच वर्षं खोक्यात पडून राहिलेल्या इंजिनातलं वंगण घट्ट झालेलं असतं, ते साफ करून ताजं घालावं लागतं.

किती घ्यावीत? एक. निदान सुरुवातीला एकच. दुसऱ्याचं प्रयोजन पहिलं वापरता वापरता स्पष्ट होतं. यार्डातल्या एका इंजिनाला काम पुरेनासं झालं, किंवा दोन माणसांना एकाच वेळी इंजिन हवंसं झालं, की दुसरं घ्या. अमेरिकन यार्डात एक गमतीची जोडीही असे. कॅब असलेलं इंजिन आणि त्याला जोडलेलं बिनकॅबचं इंजिन. या जोडीला रेल्वेवाले 'काउ अँड काफ' म्हणत, म्हणजे गाय-वासरू. वसुबारसेला पूजा करणाऱ्या घरात अशी जोडी यावी असं वाटणं साहजिक आहे. पण वासराला एकट्यानं काम करता येत नाही आणि घरच्या लेआउटवर एवढी ओढ लागतही नाही. ती हौसेची खरेदी, मागाहून.

इथवर आपण साधनाबद्दल बोललो. आता प्रयोजनाकडे या. ती मुलगी दोन फेऱ्यांनंतर वर का जाते? कारण तिला तिथे करायला काहीच नाही. वर्तुळात फिरणारी गाडी हे दृश्य आहे. दृश्य वाईट नसतं. पुण्यात कोथरूडला जोशी यांचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे माणसं बघायलाच जातात आणि तृप्त होऊन येतात. पण संग्रहालयात आपण एकदा जातो, आणि घरच्या तळघरात रोज. रोज जायचं तर तिथे कृती हवी.

बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञानं १९७८च्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या केली आहे. तिचा आशय असा, की अनावश्यक अडथळे आपणहून पत्करून ते ओलांडण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. शंटिंगला ही व्याख्या अगदी चपखल बसते. ब्रिटनमधल्या ॲलन राइट यांनी रचलेलं 'इंगलनुक साईडिंग्ज' नावाचं कोडं बघा. तीन रूळ. एकावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर प्रत्येकी तीन. ते जिथे एकत्र येतात तिथून पुढे एक तुकडा, त्यावर इंजिन आणि तीन वाघिणी एवढीच जागा. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्या करायच्या, त्यांतल्या पाच एकेक करून काढायच्या, आणि निघाल्या त्याच क्रमानं त्या पाच वाघिणींची गाडी लावायची. किती वेगळ्या गाड्या होतात? आठ गुणिले सात गुणिले सहा गुणिले पाच गुणिले चार, म्हणजे ६,७२०. रोज एक केली तरी अठरा वर्षं पुरतील! आणि जागा? एचओमध्ये चाळीस फुटी वाघिणी घेतल्या तर साधारण दोन मीटर लांब, फूटभर रुंद फळी. आपल्या प्रश्नकर्त्यांकडे तीन साईडिंग असतील तर नवीन रूळही लागणार नाहीत, फक्त लांबी मोजून बघावी लागेल. अमेरिकेत जॉन ॲलन यांचं 'टाइमसेव्हर' हे असंच कोडं १९७२पासून प्रसिद्ध आहे, ते जरा अवघड. सुरुवात इंगलनुकनं करावी.

आणि आता तो दुसरा माणूस. ४४-टनी इंजिनानं कॅबमधला एक माणूस कमी केला. पण जमिनीवरचा माणूस त्यालाही कमी करता आला नाही. वाघिणी जोडणारा, सांधा बदलणारा, ड्रायव्हरला अंतर सांगणारा कोणीतरी खाली लागायचाच, कारण लांबलचक रांगेच्या टोकाला काय आहे ते ड्रायव्हरला दिसत नाही. अमेरिकन यार्डात हा माणूस डब्यांच्या लांबीत अंतर मोजतो आणि उलटं मोजत जातो. ड्रायव्हरनं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा असतो.

घरात हेच करा. कंट्रोलर नातीच्या हातात. आजोबांच्या हातात चिठ्ठ्या आणि बांबूची काडी. सांधे आजोबा बदलणार, वाघिणी ते सोडणार आणि अंतर ते सांगणार. 'तीन... दोन... एक... अर्धी... बस!' नातीला 'बस' ऐकल्यावर थांबायचं आहे. ती थांबली नाही तर वाघिणी धडकतात, आणि आजोबांनी चुकीचा सांधा लावला तर गाडी भलत्याच रुळावर जाते. दोघांची चूक दोघांना लगेच दिसते, आणि कोणी कोणावर रागवायची गरज पडत नाही, कारण रूळच सांगतात काय झालं ते. आठवड्यानं भूमिका बदला. 'आजोबा, आधी ती लाल वाघीण मागे ठेवा ना, नाहीतर परत काढावी लागेल,' असं नात सांगू लागली की समजावं, ती आता तीन चाली पुढचा विचार करायला लागली.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मुलांना वेग आवडतो, हळू चालणाऱ्या इंजिनाला ती कंटाळणार नाहीत का? आमचं उत्तर असं, की कंटाळा गतीमुळे येत नाही, पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे येतो. वर्तुळातली गाडी कितीही जोरात गेली तरी ती कुठे येणार हे ठाऊक असतं. बुद्धिबळात प्यादं एकेक घर चालतं, म्हणून मुलं बुद्धिबळ सोडत नाहीत. तरीही मूल फारच लहान असेल, पाच-सहा वर्षांच्या आतलं, तर हा खेळ थोडा पुढे ढकलावा. त्या वयाला एचओची नाजूक इंजिनं देऊ नयेत. लायोनेलसारखी ओ गेजची मोठी, दणकट गाडी त्यांच्या हाताला बरी. उलट जागा कमी म्हणून एन प्रमाणाकडे, म्हणजे एक-एकशेसाठांशाकडे वळणाऱ्यांनी विजेची कसोटी दुप्पट कडक लावावी, कारण हलक्या इंजिनाला रुळावरची थोडीशी धूळही अडवते.

दुसरा आक्षेप पैशांचा. दोन महागडी इंजिनं घेऊन झालेली असताना तिसरं कशाला? तर मग आधी ही परीक्षा करा. पैसे एकही न घालवता, आहे त्याच इंजिनानं, आठ चिठ्ठ्यांचा खेळ आठवडाभर खेळून बघा. लांब इंजिन पुढच्या तुकड्यात मावणार नाही, सांध्यावर हेलकावे खाईल, तरी चालेल. त्या आठवड्यात मुलगी रोज खाली आली तर स्विचर घ्या. तेव्हा तुम्हाला नेमकं कळलेलं असेल की इंजिन किती लांब हवं, कुठे अडकतं, कुठे थांबायला हवं. आणि ती आली नाही, तर प्रश्न इंजिनाचा नव्हता एवढं तरी समजेल आणि पैसे वाचतील.

थोडक्यात क्रम असा. आधी चिठ्ठ्या आणि काडी. मग रुळांची आणि चाकांची सफाई. मग सगळ्या वाघिणींचे कपलर एकसारखे आणि एका उंचीचे. त्यानंतर आठ चाकांनी वीज घेणारा, एक मीटरला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लावू शकणारा एक स्विचर. डीसीसी आणि आवाज हे लेआउटवर दोन ड्रायव्हर तयार झाल्यावर. दुसरं इंजिन त्याही नंतर.

आजोबांचे सहा महिने मोजकेच असतात, तेव्हा चिठ्ठ्या याच आठवड्यात कराव्यात हे बरं. न्यू जर्सीच्या मंडळींनी काय घडलं ते जरूर कळवावं. इतर श्रोत्यांकडेही 'कशासाठी' हे न विचारता घेतलेल्या वस्तू असतीलच. त्यांच्याबद्दलचे प्रश्न पाठवा, पुढच्या खेपेला त्यातला एखादा घेऊ.